वाढवण बंदरातून पालघरच्या मुलांना नेमके कोणते काम मिळेल? उरणच्या अनुभवी मंडळींना प्रश्न

समुद्रकाठची शिक्षिका:

नमस्कार. मी डहाणू तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात वरोर, चिंचणी, वाणगाव या बाजूची मुले-मुली येतात. कुणाच्या घरी बोट आहे, कुणाची चिकूची वाडी आहे, तर कुणाचे वडील घराच्या पडवीत बसून दागिन्यांचे डाय कोरतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये भूमिपूजन झाले, तेव्हापासून वर्गात एकच प्रश्न वारंवार येतो : "बाई, आम्हाला यात काय काम मिळेल?"

कागदावरची माहिती मला ठाऊक आहे. सुमारे ७६,२०० कोटी रुपयांचा प्रकल्प, प्रत्येकी हजार मीटर लांबीचे नऊ कंटेनर टर्मिनल, समुद्रात भराव टाकून तयार होणारी १,४४८ हेक्टर जमीन, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध आणि वर्षाला २ कोटी ३२ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने तेवढे कंटेनर हाताळण्याची क्षमता. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून दहा लाखांहून अधिक रोजगार, असेही सांगितले जाते. परंतु या दहा लाखांत माझ्या अकरावीतल्या मुलीची जागा कुठे आहे, हे मला तिला सांगता येत नाही.

बंदर व्हावे की होऊ नये, यावर इथे बरीच चर्चा होऊन गेली आहे आणि माझ्या घरातही त्यावर दोन मते आहेत. तो वाद या धाग्यावर नको, ही विनंती. उरणजवळचे न्हावा-शेवा बंदर सुरू होऊन साडेतीन दशके उलटली. ते उभे राहताना ज्यांनी पाहिले, त्यात ज्यांनी काम केले, त्यांनी कृपया सांगावे की पहिल्या पिढीला काय मिळाले, दुसऱ्या पिढीला काय मिळाले, आणि आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर आपण आधी काय केले असते?


उरणकर:

ताई, आपण प्रश्न पिढ्यांच्या हिशेबाने विचारलात हे फार बरे केलेत, कारण आमच्याकडे प्रत्येक पिढीचा अनुभव वेगळा आहे.

आमचे गाव करळ फाट्यापासून जवळ. वडिलांची भातशेती होती आणि आजोबा मिठागरावर काम करीत. नवी मुंबई आणि बंदर यांसाठी या पट्ट्यातील जमिनी संपादित झाल्या, तेव्हा योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन उभे राहिले, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण त्या लढ्यातून आले. हे सांगण्याचे कारण असे की बंदराचा लाभ स्थानिकांपर्यंत आपोआप झिरपत आला, असे आमच्याकडे घडलेले नाही. जे मिळाले त्यातले बरेचसे मागून, भांडून आणि पुष्कळ उशिरा मिळाले. बंदर १९८९ साली सुरू झाले, आणि त्याच बंदराच्या प्रकल्पग्रस्तांपैकी काहींच्या हाती साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे, म्हणजे जमीन देण्याचे लेखी आश्वासन, ऑगस्ट २०१४ मध्ये पडली. मधल्या पंचवीस वर्षांत अनेक घरांतील मूळ खातेदार वारले होते आणि वारसांची संख्या चौपट झाली होती.

पहिल्या पिढीतील काहींना बंदराच्या आस्थापनेवर कायम नोकऱ्या मिळाल्या. त्या घरांत आज मुले इंजिनिअर आहेत, परिचारिका आहेत, हे मी डोळ्यांनी पाहतो. मात्र अशा नोकऱ्या मोजक्याच होत्या आणि पुढे त्या वाढल्या नाहीत. १९९९ मध्ये देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल आमच्याकडे सुरू झाले, नंतर एकामागून एक खासगी टर्मिनल येत गेले, आणि २०२२ मध्ये बंदराने स्वतः चालवलेले शेवटचे कंटेनर टर्मिनलही खासगी कंपन्यांकडे गेले. आता बंदर प्राधिकरण हे जमीन आणि खाडीतला जलमार्ग सांभाळणारे मालक आहे. क्रेन चालवणारा माणूस टर्मिनल कंपनीचा किंवा तिच्या ठेकेदाराचा असतो. २०२४-२५ मध्ये येथे सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले गेले. माल इतका वाढला, पण प्रवेशद्वाराच्या आत कायम नोकरीवर असलेली माणसे त्या प्रमाणात वाढली नाहीत. वाढवणला तर सुरुवातच या पद्धतीने होणार आहे, म्हणून "बंदरात नोकरी" हा शब्दप्रयोग मुलांसमोर फार जपून वापरावा, असे मला वाटते.

दुसऱ्या पिढीचे, म्हणजे आमचे, पोट भरले ते प्रवेशद्वाराच्या बाहेर. मी २००१ मध्ये एका कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर उघडून माल उतरवण्याच्या जागी, टॅली क्लार्क म्हणून लागलो; त्या जागेला इथे सगळे सीएफएस म्हणतात. कंटेनरचे सील तुटले की माथाडी कामगार माल उतरवतात आणि टॅली क्लार्क प्रत्येक खोका मोजून नोंदवतो. कंटेनरवर चार अक्षरे आणि सात अंक असतात, आणि त्यातला शेवटचा अंक हा आधीच्या सगळ्यांचा पडताळा असतो. एक अंक चुकीचा लिहिला तर तो पडताळा जुळत नाही आणि नोंद अडकते. पहिल्या महिन्यात मला हे कुणी सांगितलेच नव्हते. भर पावसात, रात्रपाळीला, बॅटरीच्या उजेडात लिहिलेल्या चाळीस नोंदींपैकी सहा परत आल्या, आणि मग एका जुन्या सहकाऱ्याने शेजारी बसवून तो हिशेब शिकवला. त्या एका रात्रीच्या शिकवणीवर मी पंधरा वर्षे काम केले.

नंतर २०१६-१७ च्या सुमारास आयातदाराने माल थेट बंदरातून उचलून न्यावा या पद्धतीला मोठे प्रोत्साहन मिळाले. व्यापाऱ्याचा वेळ आणि पैसा वाचला, ते देशासाठी योग्यच झाले. पण आमच्या सीएफएसकडे येणारे कंटेनर कमी झाले, ठेक्याचे नूतनीकरण झाले नाही, आणि आम्ही तीसेक माणसे एका दिवाळीनंतर घरी बसलो. माझ्यासोबतचे माथाडी मंडळात नोंदलेले होते. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे त्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि इतर देणी मंडळाकडे जमा होती आणि मंडळाने त्यांना दुसरीकडे काम दिले. आम्ही, शिकलेले कारकून, ठेकेदाराच्या कागदावर होतो. आमच्याकडे जमा काहीच नव्हते. तेव्हा काम मिळेल की नाही याच्या इतकेच, त्या कामाची नोंद कोणाच्या दप्तरी होईल, हेही मुलांना विचारायला शिकवा.

आधी काय केले असते, असे आपण विचारलेत. माझ्या मते दोन गोष्टी. साडेबारा टक्क्यांचे भूखंड पुष्कळांनी हाती येण्यापूर्वीच विकासकाला विकून टाकले; ते चार-चार कुटुंबांनी एकत्र धरून कंटेनर यार्ड किंवा गोदामासाठी भाड्याने दिले असते, तर आज उत्पन्न चालू राहिले असते. आणि ट्रेलर विकत घेण्याआधी हिशेब शिकलो असतो. आमच्या गावात कर्ज काढून ट्रेलर घेतलेले कितीतरी जण होते. गाडी फाटकाबाहेरच्या रांगेत दहा-बारा तास उभी राहिली तर त्या दिवशीची फेरी बुडते आणि हप्ता मात्र थांबत नाही, हे गणित त्यांना गाडी दारात आल्यावर कळले.


सीमाशुल्काचे कामकाज:

उरणकर यांनी लिहिलेले मनापासून पटले. मी सीमाशुल्क दलालाच्या, म्हणजे आयात-निर्यातदारांच्या वतीने सीमाशुल्काचे कागद करणाऱ्याच्या, कार्यालयात बावीस वर्षे काम करीत आहे, त्यामुळे फाटकाबाहेरचे काम म्हणजे नेमके काय, ते थोडे विस्ताराने लिहिते.

कंटेनर जहाज धक्क्याला एक-दीड दिवस थांबते आणि निघून जाते. त्या काळात जहाजावर चढून लांब सळईने कंटेनरचे फास सोडणारे लॅशिंग कामगार, धक्क्यावरच्या उंच क्रेनचे चालक, यार्डातील क्रेनचे चालक, आतल्या आत कंटेनर नेणारे ट्रेलरचालक, पाळीचे नियोजन करणारे अधिकारी, एवढ्यांचे काम असते. त्याआधीचे आणि नंतरचे काम कितीतरी मोठे असते. आयातीचे बिल ऑफ एंट्री आणि निर्यातीचे शिपिंग बिल भरणे, कागद तपासणे, मालाच्या परीक्षणाला हजर राहणे, वाहतूक ठरवणे, गोदामात साठवणे, पुन्हा पॅकिंग करणे, रिकामा कंटेनर धुऊन, वेल्डिंग करून परत वापरायोग्य करणे, शीतकंटेनरचे यंत्र दुरुस्त करणे, मालाचे सर्वेक्षण, विमा. बंदराचे शेतीशी, कारखान्याशी आणि दुकानाशी जे नाते जुळते ते या कामांतून जुळते, आणि प्रदेशाचे उत्पन्नही इथेच वाढते.

वाढवणचा आर्थिक युक्तिवाद पाण्याच्या खोलीवर उभा आहे, हेही मुलांना समजावून सांगता येईल. न्हावा-शेव्याचा जलमार्ग दोनदा खोल करूनही सुमारे १५ मीटर डुबाच्या, म्हणजे तेवढ्या खोल पाण्यात बुडणाऱ्या, जहाजांपुरता आहे. वाढवणला किनाऱ्यापासून काही अंतरावर नैसर्गिक खोलीच सुमारे २० मीटर आहे. सर्वांत मोठी, चोवीस हजार टीईयूची जहाजे चारशे मीटर लांब असतात. अशी जहाजे आपल्याकडे सरसकट येऊ शकत नाहीत, म्हणून आपला बराच माल लहान जहाजांनी कोलंबो किंवा सिंगापूरला जातो आणि तिथे मोठ्या जहाजात चढतो. त्या दुहेरी हाताळणीचा पैसा आणि ते काम तिकडच्या बंदरांना मिळते. ते काम इकडे आले तर त्याचा लाभ खरा आहे. मात्र जो कंटेनर एका जहाजातून उतरून दुसऱ्या जहाजात चढतो, त्याच्यामागे गोदाम, ट्रेलर, दलाल यांपैकी फारसे कोणी लागत नाही. स्थानिक रोजगार वाढतो तो रस्त्याने आणि रेल्वेने आत-बाहेर जाणाऱ्या मालामुळे. म्हणून पालघरकरांनी बंदराइतकेच लक्ष तवा गावापर्यंतच्या सुमारे ३२ किलोमीटरच्या जोडरस्त्याकडे, मालवाहतुकीच्या समर्पित रेल्वेमार्गाच्या जोडणीकडे आणि त्यांच्या कडेला कोणती गोदामे व उद्योग येतात याकडे ठेवावे.

ताईंच्या विद्यार्थिनींसाठी एक प्रत्यक्ष वाट सांगते. बारावीनंतर सीमाशुल्क दलालाकडे एच-कार्डावर, म्हणजे परीक्षा न दिलेल्या कर्मचाऱ्याच्या ओळखपत्रावर, सुरुवात करता येते, आणि अनुभव घेत जी-कार्डाची परीक्षा देता येते. जी-कार्डधारकाची सही चालते, त्यामुळे पगारात मोठा फरक पडतो. या कामाला वाणिज्य शाखा, इंग्रजी वाचनाची सवय आणि सीमाशुल्क खात्याच्या आइसगेट या संकेतस्थळावर न घाबरता काम करण्याची तयारी लागते. मी ज्या टेबलाशी बसते, तिथे आम्ही पाचजणी आहोत. विज्ञान शाखेत न जाणाऱ्या मुला-मुलींनी आयटीआयमध्ये वातानुकूलन व शीतकरण, वीजतंत्री, फिटर किंवा वेल्डर हे अभ्यासक्रम पाहावेत. आणि ज्या मुलांच्या वडिलांचा हात पोलादात डाय कोरण्याइतका बारीक आहे, त्यांना फिटरचे काम परके वाटणार नाही, असे मला वाटते.

क्रेनबद्दल एक शब्द. केरळात विळिंजम बंदरात यार्डातील क्रेन स्वयंचलित आहेत आणि त्या नियंत्रणकक्षात बसून चालवणाऱ्यांत आसपासच्या गावांतील स्त्रिया आहेत. त्यांत मच्छीमार घरांतल्याही आहेत. त्यांचे प्रशिक्षण बंदराच्या प्रत्यक्ष कामकाजाच्या आधीपासून झाले होते. वाढवणचा पहिला टप्पा २०२९-३० च्या सुमारास अपेक्षित आहे, म्हणजे आज अकरावीत असलेली मुलगी तेव्हा पदवीधर झालेली असेल.


द्राक्षबागाईतदार, निफाड:

बंदराजवळ न राहणाऱ्यांचीही बाजू यावी म्हणून लिहितो. आमच्या निफाड-दिंडोरी भागातील निर्यातीची द्राक्षे न्हावा-शेव्यातूनच युरोपला जातात. जानेवारी ते एप्रिल या हंगामात पॅकहाऊसमध्ये घड कातरणाऱ्या, निवडणाऱ्या आणि लहान डब्यांत भरणाऱ्या बायकांचे हात दिवसभर थांबत नाहीत. माल थंड करून शून्य अंशाच्या आसपास शीतकंटेनरमध्ये भरला की कंटेनर जनसेटच्या, म्हणजे सोबतच्या जनित्राच्या, विजेवर बंदरापर्यंत जातो आणि तिथे त्याला विजेचा प्लग मिळावा लागतो. बंदरात गर्दी झाली, जहाज चुकले, की इकडे पॅकहाऊसमध्ये जागा उरत नाही आणि आम्हाला बागेतली तोड थांबवावी लागते. तोड थांबली की त्या बायकांची मजुरी थांबते. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे डिसेंबर २०२३ पासून जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा प्रवासाचे दिवस वाढले, भाडे वाढले, आणि ते सगळे शेवटी बागेच्या भावात उतरले. तो फटका युद्धाचा होता, त्यावर बंदर काही करू शकत नव्हते. परंतु धक्का मोकळा असणे, प्लग पुरेसे असणे आणि रस्त्यात रांग नसणे, या गोष्टी बंदराच्या हातात आहेत. माझ्या दृष्टीने बंदराचा विस्तार म्हणजे हंगामात तोड चालू राहण्याची शाश्वती. दहा लाखांच्या आकड्यात आमच्या पॅकहाऊसमधल्या बायका धरल्या असतील, तर ते चुकीचे नाही. पण मग तो आकडा केवळ पालघरचा म्हणून सांगू नये.


सातपाटीचा मच्छीमार:

बाईंनी वाद नको म्हटले आहे, त्याचा मान राखून फक्त रोजगाराच्या हिशेबाबद्दल लिहितो.

आमच्याकडे बोट हा एका माणसाचा रोजगार नसतो. बोटीवर नाखवा आणि खलाशी असतात. किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या, बर्फात भरणाऱ्या, बाजारात नेणाऱ्या बायका असतात. बोंबील वाळवण्याच्या वलांडीवर म्हाताऱ्यांनाही काम असते. जाळे विणणारा, इंजिन दुरुस्त करणारा, बर्फ कारखान्यातला, हे वेगळेच. सरकारी तक्त्यात मच्छीमाराच्या नावापुढे एक माणूस आणि त्याची भरपाई लिहिली जाते. बंदरातील नोकरी घरातल्या एका तरुणाला मिळेल, पण त्याच्या आईचा मासळीच्या टोपलीवरचा स्वतःचा पैसा जाईल, आणि तो पैसा कुठल्याच तक्त्यात नसतो. वाढवणच्या समोरचा खडकाळ पट्टा ही मासळीच्या प्रजननाची जागा आहे, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. तिथे भराव पडणार आणि जहाजांचा मार्ग ठरणार, म्हणजे जाळी कुठे टाकायची हा प्रश्न बांधकामाच्या काळापासूनच येईल. नोकऱ्या मात्र त्यानंतर काही वर्षांनी येतील. मधल्या वर्षांचे काय, ते आधी लिहून मिळावे, एवढेच आमचे मागणे आहे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठले, त्या लोकांचे पुढे काय झाले, हे आपल्या वर्गातल्या मुलांना त्यांच्याच नातेवाइकांकडून ऐकता येईल. त्यांना एकदा जरूर विचारायला सांगा.


समुद्रकाठची शिक्षिका:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दादा, वलांडीवरच्या म्हाताऱ्यांचे वाचून मी बराच वेळ थांबले. माझी आजी तेच करायची. आता वर्गाला प्रत्येक घरातील कामांची नोंद करायला सांगणार आहे, माणसांची नव्हे, कामांची : कोण, कोणत्या महिन्यांत, कशातून आणि किती कमावते. बंदर सुरू होण्याआधीची अशी गावनिहाय नोंद आपल्याजवळ असली, तर पुढे भरपाईच्या किंवा प्रशिक्षणाच्या बैठकीत काहीतरी हातात घेऊन बसता येईल.

उरणकर, आपल्याला एकच विचारते. नोंदीच्या तक्त्यात आपण एखादा रकाना सुचवाल का?


उरणकर:

ताई, एक रकाना जरूर ठेवा : घरात कोणाकोणाच्या नावावर काय कागद आहे. सातबारा, मासेमारी परवाना, सोसायटीचे सभासदत्व, बोटीची नोंदणी, घराचा उतारा. आमच्याकडे ज्यांचे काम होते पण कागद नव्हता, ते कुळ असोत, मिठागरावरचे मजूर असोत की खाडीत पायी मासेमारी करणाऱ्या बायका, ते प्रत्येक यादीतून सुटत गेले. जिथे कागद नसेल तिथे निदान सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावात नाव येईल, असे आत्ताच पाहावे.

आणि मुलांना एकदा इकडे घेऊन या. लोकलने आता उरणपर्यंत येता येते. करळच्या पुलावरून ट्रेलरची रांग दिसते, पलीकडे यार्डातल्या क्रेन दिसतात. मी सोबत येईन. कंटेनरवरच्या सात अंकांचा हिशेब मी त्यांना तिथेच, समोरच्या कंटेनरवर बोट ठेवून शिकवीन. येताना प्रत्येकाला वही आणायला सांगा.